जांभईखालची रेघ

११ जानेवारी

ती. ताई,

साष्टांग नमस्कार वगैरे तूच समजून घे, माझे गुडघे दुखतात.

बाबांची कवळी पोचली. कापसात गुंडाळलेली, डब्यात बसवलेली, वर चिकटपट्टीचे सात वेढे. शेजारी तुमच्या दातांच्या डॉक्टरांनी घेतलेला हिरड्यांचा नवा ठसा. आणि शाळेच्या छापील कागदाच्या पाठीवर तुझी एक ओळ: 'सैल होते. घट्ट करून पाठवणे.' दोन वर्षांनी सख्ख्या बहिणीला लिहिलेलं पहिलं वाक्य. मुख्याध्यापिका झालीस म्हणून घरातही शिपाई लागतो का तुला?

फोन केला असता, पण माझा नंबर तू बंद करून ठेवलायस. म्हणून हे पत्र. तसंही तू येणाऱ्या-जाणाऱ्याला 'लेखी द्या' म्हणतेस.

ही कवळी चार वर्षांपूर्वी मीच केली होती. त्या वेळचा साचा कामाच्या जागी फळीवर जपून ठेवलाय, मागे पेन्सिलीने 'बाबा' लिहून. आज नव्या ठशात प्लास्टर ओतलं, वाळू दिलं आणि दोन्ही साचे शेजारी ठेवले. ताई, मी एकोणीस वर्षं न पाहिलेल्या माणसांचे दात करते. माणूस खोटं बोलतो, नातेवाईक तर बोलतातच. हिरडीला ते जमत नाही. जुनी कवळी नव्या साच्यावर ठेवली तर मधून माझं नख आरपार जातं. तुम्ही सगळ्यांना सांगता त्या पोटातल्या जखमेने माणूस एवढा वाळत नाही.

म्हणून दुपारी भाऊजींना दुकानात फोन केला. त्यांच्यावर डाफरू नकोस, ते बिचारे 'हो' आणि 'नाही' एवढंच बोलले. कॅन्सर आहे? हो. पसरलाय? हो. वर्ष काढतील? नाही. बाबांना सांगितलंय? नाही. मला सांगणार होतात? यावर म्हणाले, गिऱ्हाईक आलंय.

मला बाबांना भेटायचंय. एवढंच मागणं आहे.

तू नाही म्हणणार, आणि का ते मला ठाऊक आहे. आईच्या शेवटच्या दिवशी मी तिच्या खाटेपाशी बसून तासाभरात चाळीस जांभया दिल्या, हे तू अख्ख्या गोतावळ्याला सांगितलंस. मोजल्या होत्यास का? डोळ्याला टिपूस नाही, हेही सांगितलंस. सगळ्यांदेखत म्हणालीस, "कंटाळा आला असेल तर घरी जा." आणि मी गेले. आई संध्याकाळी सात वाजता गेली. तू फोन केलास तो माझ्या शेजारणीला.

तेव्हा बोलले नाही ते आता लिहिते. मी तेव्हा गोळ्या घेत होते, अजून घेते. त्याआधी चार महिने मला पलंगावरून पाय खाली टाकवत नव्हता, त्यासाठीच्या गोळ्या. त्यांनी मी उठले, कामाला लागले, पण जांभया त्या गोळीच्या होत्या आणि रडू न येणंही त्याच गोळीचं. काका-मामांच्या गराड्यात 'मी डोक्याची औषधं खाते हो' असं ओरडून सांगायला हवं होतं का? गोळ्यांच्या खोक्यात एक कागद येतो, घडी घालून घालून काडेपेटीएवढा केलेला. तो सोबत पाठवते आहे. मागच्या बाजूला, तिसऱ्या रकान्यात, मुंगीएवढ्या अक्षरात छापलंय, 'वारंवार जांभया येणे'. त्याखाली मी लाल रेघ मारली आहे. घे, लेखी.

कवळी आठवड्यात तयार होईल. पण ती मी स्वतः आणून बसवीन, पाठवणार नाही. तोवर बाबा काय खातील ते तू बघ.

— धाकटी

२४ जानेवारी

ताई,

कार्ड मिळालं. इतकं छोटं की पाठच झालं. 'औषधाचं निमित्त पुरे. तेच कारण असेल तर औषध बदल. बाबांच्या उशाशी जांभया देणारं माणूस मला नको. माणसासारखी येणार असलीस तर कळव. कवळी ताबडतोब पाठवणे.'

बरं. बदलते.

डॉक्टरबाईंकडे गेले तर त्या ऐकेनात. "लागू पडलेली गोळी कुणी बदलतं का? तीन वर्षं तुम्ही कामावर जाताय, जेवताय, झोपताय. जांभयांसाठी हे सगळं पणाला लावायचं?"

"जांभयांसाठी नाही हो, बहिणीसाठी."

"मग बहिणीला घेऊन या. गोळी तिलाच लिहून देते."

तीन वर्षांत पहिल्यांदा बाई मला आवडल्या. पण मी हटले नाही. म्हटलं, वडील मरताहेत आणि मला आत सोडत नाहीत, कारण माझा चेहरा प्रसंगाला शोभत नाही. तेव्हा त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला आणि वेळापत्रक लिहून दिलं. जुनी पिवळी दोन आठवडे अर्धी, मग बंद. नवी पांढरी आधी लहान, मग मोठी. मधले दिवस वाईट जातील म्हणाल्या. जिवाचं बरंवाईट करावंसं वाटलं तर वेळ न बघता फोन करायचा, असं बजावून नंबर कागदावर दोनदा लिहिला. हे मी तुला लिहिणार नव्हते. आता लिहिलंय तर खोडत नाही.

तुला माणूस हवंय ना? घेतली ऑर्डर. मापाबरहुकूम करून देते.

कवळी माझ्या कप्प्यात, पाण्याच्या भांड्यात ठेवली आहे. छान हसते आहे.

— धाकटी

८ फेब्रुवारी

ताई,

तुझं काम कुठवर आलंय ते कळवते.

मान वळवली की डोक्यात चमक येते. दुखत नाही, कुणी दिव्याचं बटण पटकन बंद-चालू करावं तसं. उजवीकडच्या मेणाकडून डावीकडच्या दातांकडे बघितलं की चमक, आणि माझा दिवस म्हणजे मेण आणि दात, दात आणि मेण. तोंडाला कोरड इतकी की जीभ सोडवून घ्यावी लागते. दुपारपर्यंत ॲप्रन घामाने पाठीला चिकटतो. खाल्लेलं पोटात ठरत नाही. पण जांभई? चौदा दिवसांत एक नाही. अभिनंदन तुझं.

परवा वरच्या दातांची ओळ लावताना हात थरथरला. पुढचे दोन दात नाकाच्या रेषेत बसायला हवेत, ते सरकले गालाकडे. मालकांनी साचा उजेडात धरला आणि म्हणाले, "बाई, गिऱ्हाईक तोंड वाकडं करून हसतं का?" एकोणीस वर्षांत माझं काम कधी परत आलं नव्हतं. आता मला साचे धुवायला बसवलंय.

आणखी एक. माझ्या शेजारी पॉलिशवाला बसतो, पंधरा वर्षं. गेल्या वर्षी त्याची बायको त्याला सोडून गेली, तेव्हापासून काम करताना गुणगुणतो. एकच चाल, तीही बेसूर. मंगळवारी मी सगळ्यांदेखत विचारलं, "बायको हेच ऐकून गेली का हो?" मालक हसले. तो हसला नाही. आता त्या टेबलावर नुसता चाकाचा आवाज असतो.

डॉक्टरबाईंना सांगितलं तर म्हणाल्या, चिडचिड कागदात दिलेलीच आहे, हळूहळू ओसरेल. घरी येऊन नव्या गोळीचा कागद उलगडला. खरंच होतं, पहिल्याच रकान्यात, 'चिडचिडेपणा'. त्याखाली लाल रेघ मारली, हाही कागद सोबत पाठवते आहे. इतकं हलकं वाटलं म्हणून सांगू. बोलले मी, आणि भरपाई गोळीने केली.

भाऊजी म्हणतात, बाबांना सगळं वाटून द्यावं लागतं आणि ते वाटी बाजूला सारतात. दात माझ्याकडे आहेत हे तुला दिवसातून तीनदा आठवत असेल. आपलेच दात, आपलेच ओठ. बोलवतेस की नाही ते कळव.

— धाकटी

२१ फेब्रुवारी

ताई,

रडले. खोटं नाही, चांगले दोन रुमाल भरून.

बाबांसाठी मोजे घ्यायला गेले होते. दुकानदाराने विचारलं, "पायाचं माप?" मला माहीत नव्हतं. हिरडीचं माप केसाएवढं ठाऊक, पायाचं नाही. तिथेच गल्ल्यासमोर सुरू झालं. माणूस घाबरला. स्टूल दिलं, पाणी दिलं, शेवटी म्हणाला, "बाई, मोजे ताणतात हो, कुणालाही होतात." पावती जपून ठेवलीय, तारीखवार. विश्वास नसेल तर त्याला जाऊन विचार.

मग ते थांबेचना. 'लिफ्ट बंद आहे' ही पाटी वाचून रडले. शेजारीण 'बरी आहेस ना' म्हणाली म्हणून रडले. दोन दिवस कामावर गेले नाही. न्हाणीघरात नळ सोडून बसले होते. किती वेळ ते लिहीत नाही. नंबर दोनदा लिहिलेला कागद आरशाला चिकटवलाय, आणि एकदा तो फिरवला, एवढं तुला पुरे. डॉक्टरबाई म्हणाल्या, मात्रा जरा हळू वाढवू, भेट पुढे ढकला. मी म्हटलं, तुम्ही मरण पुढे ढकला, मी भेट ढकलते.

तुझी सूचनावली मिळाली. रविवारी तीन ते पाच. आजाराचा विषय काढायचा नाही, पोटात जखम आहे आणि औषधाने भरून येतेय एवढंच बाबांना माहीत आहे. चपला बाहेर. कवळी आणणे. सातवा मुद्दा मला सगळ्यात आवडला: 'नीट वागणे.'

येते. आता मला माणसासारखं वागता येतं.

— धाकटी

२ मार्च

ताई,

तुझ्या बोटांचे वळ दंडावर आहेत. पाच ठरलं होतं, तू मला चार वाजायच्या आत जिन्यावर आणून सोडलंस. नीट वागले नाही म्हणालीस. काय झालं ते मी लिहून ठेवते, कारण उद्या तू गोतावळ्याला वेगळंच सांगशील.

मी आत आले तेव्हा तू खाटेच्या पायथ्याशी उभी होतीस, हाताची घडी घालून, परीक्षेला पर्यवेक्षक उभे राहतात तशी. बाबांचं तोंड आत गेलेलं. तरी मला बघून म्हणाले, "आले का माझे दात? मी तर हसायचंच विसरलो." त्यांच्या तोंडाला दात नव्हते ते माझ्यामुळे. सात आठवडे. त्यांनी तक्रार केली नाही.

मी हात धुतले, कवळी ओली केली, गालाच्या आतून दोन बोटं घालून टाळूवर दाबली. जराही हलली नाही. "चावा," म्हटलं. त्यांनी दात मिटले. आणि ताई, त्या वाळलेल्या मानेवर एकदम चार वर्षांपूर्वीचे बाबा येऊन बसले. तसेच्या तसे, मीच केलेले. माझी बोटं अजून त्यांच्या गालाला होती आणि माझ्या डोळ्यांचं पाणी त्यांच्या हनुवटीवर पडायला लागलं.

मला थांबवता आलं नाही. देवाशप्पथ प्रयत्न केला.

बाबा बघत राहिले. मग म्हणाले, "आई गेली तेव्हा तुला रडू आलं नाही. माझ्या पोटातल्या साध्या जखमेला एवढं रडतेस?"

तू पुढे झालीस. "काही नाही हो बाबा, तिचं औषध बदललंय. त्याने होतं तसं." महिन्यापूर्वी ज्याला तू निमित्त म्हणालीस, ते त्या क्षणी किती चटकन तोंडात आलं तुझ्या!

बाबा म्हणाले, "औषधाने रडू येतं होय? मग तूही घे थोडं." आणि मला विचारलं, "किती दिवस, धाकटे?"

मी नुसती रडले. तेवढं त्यांना पुरलं. डोळे मिटून घेतले आणि नव्याने बसवलेल्या दातांनी ओठ चावून धरला.

तुला रडणारी बहीण हवी होती आणि काही न कळलेले बाबाही हवे होते. दोघांना एका खोलीत बसवताना तुझ्या लक्षात कसं आलं नाही? जांभया देत आले असते तर बाबांना वाटलं असतं, हिला कंटाळा आलाय, म्हणजे सगळं ठीक आहे.

— धाकटी

१७ मार्च

ताई,

स्वयंपाकघराच्या दाराखालून सरकवते आहे, कारण एका छपराखाली राहूनही आपण बोलत नाही.

मी आपल्या पायांनी आलेले नाही. मी गेल्यावर बाबांनी दोन दिवस अन्नाला शिवायचं नाकारलं, म्हणून तुझ्याच नवऱ्याने मला आणलं. पाच महिने तू त्यांना हसून खोटं सांगितलंस, ते त्यांना लागलंय. "हिचं तोंड तरी खरं बोलतं," असं ते माझ्याबद्दल म्हणाले तेव्हा तू दारातच होतीस. ते तुझ्याशी बोलत नाहीत, त्याला मी काय करू?

आता सूचना माझ्या. तीन ते पाच मी बाहेर चक्कर मारते, तेव्हा त्यांच्याजवळ बस. ते झोपलेले असतात. भांड्यांचा आवाज नको. पडद्याआड स्टुलावर बसून हुंदके देतेस ते आत ऐकू येतात, बाबांना त्रास होतो. नीट वागणे.

— धाकटी

३० एप्रिल

ताई,

तुझं कार्ड आलं. या वेळी दोन्ही बाजू भरलेल्या. तू लिहिलंयस: 'दोन्ही कागद भिंग घेऊन वाचले. आईच्या वेळच्या जांभया तुझ्या नव्हत्या. त्या रविवारचं रडणंही तुझं नव्हतं. मी तुला उगाच दोष दिला, आणि खरं बाबांपासून लपवलं तेही मीच. जाताना त्यांनी माझी आठवणसुद्धा काढली नाही, ते मला जन्मभर पुरेल. पण त्यात तुझा काय दोष? घर तुझंही आहे. ये.'

दोन वर्षं ज्या वाक्यासाठी मी जिवाचं रान केलं, ते आता आलं. आता ते मला घेता येत नाही.

माझं म्हणशील तर बरी आहे. पांढरी गोळी उत्तम लागू पडली. चमका बंद झाल्या, घाम थांबला, हात स्थिर. मालकांनी पुन्हा दातांवर बसवलंय. रडू येतं ते कारण असेल तेव्हाच येतं. मार्चअखेरीसच डॉक्टरबाईंनी वहीत लिहिलं होतं, 'बदल पूर्ण, तक्रार नाही.' मार्चअखेरीस, ताई. तारीख लक्षात ठेव. बाबा गेले ते आठ एप्रिलला.

त्या दुपारी मी चक्कर मारायला गेलेच नाही. चारच्या सुमाराला बाबांनी डोळे उघडले. म्हणाले, "थोरली कुठाय?"

तू बाहेर स्टुलावर होतीस. पडद्याखालून तुझ्या घरातल्या चपला मला दिसत होत्या. डावीचा अंगठा तुटलेला, पिनेने जोडलेला. हाक मारायचीसुद्धा गरज नव्हती, पडदा सारला की झालं असतं.

मी म्हटलं, "झोपलीय, बाबा."

त्यांनी मान पडद्याकडे वळवली. मग म्हणाले, "दमली असेल. मी फार छळलं तिला. जरा उठवतेस?"

"हो," म्हटलं. आणि उठले नाही. ते पडद्याकडे बघत राहिले. मी त्यांचा हात धरून बसले. साडेचारला बघायचे थांबले.

तू आत आलीस आणि पहिलं काय विचारलंस, आठवतंय? "माझं काही म्हणाले?" मी म्हटलं, "नाही."

त्या क्षणी मला आईच्या वेळचे संध्याकाळचे सात आठवत होते आणि शेजारणीच्या दारातला फोन आठवत होता. माझा राग उफाळला नाही, डोकं फिरलं नाही. मी अगदी शांत होते. दात बसवताना असते तशी. हे खरेपणाच्या हौसेने लिहीत नाही. अर्धं तुला लागावं म्हणून लिहितेय. उरलेल्या अर्ध्याला काय म्हणायचं ते मला कळत नाही.

गेल्या आठवड्यात डॉक्टरबाईंना विचारलं, या गोळीने माणूस असं काही करतो का? सगळं सांगितलं, तुझ्या चपलेसकट. त्यांनी पुन्हा चष्मा काढून टेबलावर ठेवला. मग म्हणाल्या, "नाही. गोळीने असं होत नाही."

तरी घरी येऊन नवं खोकं फोडलं आणि त्यातला कागद काढला. पुढून मागून, सगळे रकाने, भिंग घेऊन दोनदा वाचला. तो सोबत पाठवते आहे. त्यावर मी कुठेही रेघ मारलेली नाही.

— धाकटी